हा मेल कुठल्या लॉटचा?

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गोदामात गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी तो राग आला नसता तर मी खोटं बोलले नसते, आणि खोटं बोलले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्यामुळे त्या खोट्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

मी भिवंडीजवळच्या शेलार गावची. गोदाम घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, वाडा रस्त्याच्या बाजूला. मालक इथलेच, शेतकरी घरातले. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्या वडिलांनी जिथे भात लावलं तिथे आता पत्र्याच्या सहा मोठ्या शेड आहेत आणि त्यात बाहेरच्या कंपन्यांचा माल असतो. साबण, पंखे, बिस्किटं, लहान मुलांचं खाणं. माल ट्रकने येतो, आम्ही उतरवून घेतो आणि त्याला एक नंबर देतो. तो झाला लॉट. मग ती कंपनी मेल करते की यातल्या एवढ्या पेट्या अमक्या ट्रकला द्या. आम्ही देतो. धंदा सगळा एवढाच, पण दिवसाला साठ-सत्तर ट्रक असले की त्याची किती गुंतागुंत होते ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

ही सगळी नोंद ज्या सॉफ्टवेअरमध्ये होते ते मी लिहिलेलं आहे. कॉलेज मी पुरं केलं नाही. भिवंडीत एका क्लासला डेटाबेस शिकले आणि टायपिंगच्या कामाला इथे चिकटले. वह्यांमध्ये शोधाशोध करून डोकं फिरलं म्हणून एके दिवशी दोन टेबलं बनवली, एक आलेल्या मालाचं आणि एक गेलेल्या मालाचं. मग गेटपास जोडला, मग गाळ्यांचा नकाशा, मग शिलकीचा तक्ता. नऊ वर्षं असं वाढत गेलं. डाव्या भिंतीलगतचा कुठला माल तीन महिने हललेला नाही हे माझा प्रोग्रॅम एका बटणावर सांगतो. लोकांना पोरांच्या मार्कांचा अभिमान असतो, मला याचा आहे. लपवत नाही.

मेल मात्र या सगळ्याच्या बाहेर होता. तो काकूंच्या टेबलावर यायचा. काकू आमच्या ऑफिसातल्या सर्वांत जुन्या. भिवंडी शहरातल्या कारकुनी पेशाच्या घरातल्या, अक्षर मोत्यासारखं, बोलणं मोजकं. मेल आला की त्या तो छापायच्या, त्यावर आवक नंबर घालायच्या, कोपऱ्यात लॉट नंबर लिहायच्या आणि कागद माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या. मी तो बघून टाइप करायचे. उत्तर पाठवायचं असलं की मी कागदावर लिहून द्यायचे आणि त्या ते टाइप करून पाठवायच्या. दोन कॉम्प्युटरमध्ये आठ फुटांचं अंतर, आणि मेल ते अंतर कागदावर बसून पार करायचा. आम्हाला कोणालाच त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर लहान मुलांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. ही आमची सर्वांत मोठी पार्टी. त्यांनी कळवलं होतं की माल उतरला की तासाभरात मेल यायला हवा, आणि त्यांनी केलेल्या प्रत्येक मेलचं काय झालं हे आमच्या सिस्टिममध्ये दिसायला हवं. दिवाळीच्या आधी त्यांचा अधिकारी येऊन बघणार होता.

दादांच्या सूनबाई तेव्हा नुकत्याच ऑफिसात लक्ष घालू लागल्या होत्या. एमबीए झालेल्या, ठाण्याच्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. त्यांनी चार दिवसांत मुंबईच्या एका कंपनीचा माणूस बोलावला. गळ्यात पट्टा, हातात चकचकीत लॅपटॉप. त्याने भिंतीवर चित्रं दाखवली, त्यात मेल आपोआप येत होते, आपोआप जात होते, आणि रंगीत गोल फिरत होते. दादा चहा पीत बघत होते.

"आपलं सॉफ्टवेअर चांगलंच आहे," वहिनी मला म्हणाल्या, "पण त्यात मेल नाहीये ना. ते बाहेरच्यांशी बोलतच नाही."

त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मस्तकात तिडीक गेली. त्या पट्टेवाल्यासमोर!

"कोन बोललं न्हाय बोलत?" मी म्हणाले. राग आला की माझ्या तोंडून गावची भाषा येते. "आपल्यात पन मेल येतो नि जातो. नुसता चालू करायचाय."

असं काहीही नव्हतं. मेलची एक ओळ मी लिहिली नव्हती. दादांनी कप खाली ठेवला.

"चालू कराचाय ना? मंग कर की. तो सायब यायच्या आधी कर. नाय जमला तर ह्यांचा घेव."

बस. एवढंच ठरलं. माझी नोकरी जाणार नव्हती, दादा तसे नाहीत. पण नवीन सॉफ्टवेअर आलं असतं तर माझं काम काय उरलं असतं? दुसऱ्याने बनवलेल्या चौकटीत आकडे भरायचे. मी केलेला नकाशा, माझे तक्ते, प्रत्येक ओळ कुठल्या दिवशी कुठल्या भांडणानंतर लिहिली ते मला आठवतं, ते सगळं एका डब्यात घालून माळ्यावर. हे मला सहन झालं नसतं. घरी कोणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, पगार तोच आहे ना? म्हणून सांगितलंच नाही.

आधी पाठवण्याचं घेतलं, कारण ते सोपं वाटलं. सोपं नव्हतं. मेलवाल्यांचा सर्व्हर माझ्या प्रोग्रॅमला आत घेईना. पासवर्ड बरोबर, तरी 'चुकीचा'. तीन दिवस मी तोच पासवर्ड निरनिराळ्या पद्धतीने लिहून बघितला. मग कळलं की माणसासाठी एक पासवर्ड असतो आणि प्रोग्रॅमसाठी वेगळा, सोळा अक्षरांचा, मागून घ्यावा लागतो. तो मागितला. पहिला मेल काकूंच्या कॉम्प्युटरवर पाठवला. काकूंनी चष्मा वर केला, मेल वाचला, छापला आणि आवक नंबर घालून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"काकू, हा मीच पाठवलाय."

"असू दे. आला म्हणजे आवक झाली."

मग माल उतरला की पार्टीला आपोआप मेल जाईल असं केलं. त्यात एक घोळ झाला. मेल गेल्यावर 'गेला' अशी खूण करायला मी प्रोग्रॅमला सांगितलंच नव्हतं. प्रोग्रॅम बिचारा दर पाच मिनिटांनी बघायचा, खूण नाही म्हणायचा आणि पुन्हा पाठवायचा. जेवणाच्या सुट्टीपासून चहापर्यंत साबणवाल्यांना एकच मेल जात राहिला. शेवटी त्यांचा फोन आला. "मॅडम, हमने एक ही गाडी भेजी थी. आपके यहाँ पच्चीस गाडी कैसे उतरी?" मी त्यांना सांगितलं, लाईट का प्रॉब्लेम है. भिवंडीत हे कारण सगळ्यांना पटतं.

दोन आठवड्यांत पाठवणं व्यवस्थित चालू झालं. माल उतरला, मी नोंद केली, आणि हात कीबोर्डवरून उचलेपर्यंत पार्टीला मेल गेलेला. वहिनींनी बघितलं, 'छान' म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "आणि येणारे?"

येणाऱ्या मेलचं माझं गणित सरळ होतं. प्रोग्रॅमने दर पाच मिनिटांनी मेलच्या पेटीत डोकावायचं, नवीन मेल उचलायचा, विषयाच्या ओळीत लॉट नंबर शोधायचा आणि मेल त्या लॉटला नेऊन चिकटवायचा. लॉट उघडला की त्याचे सगळे मेल खाली एकाखाली एक दिसणार. मी घरून स्वतःला वीस मेल करून बघितले. वीसच्या वीस जागेवर. मग ठरवलं, आठवडाभर दोन्ही चालवायचं. काकू नेहमीसारखे कागद काढतील, प्रोग्रॅम त्याचं काम करेल, आणि संध्याकाळी पाचला आम्ही ताडून बघू.

पहिल्या दिवशी एकतीस मेल आले. प्रोग्रॅमने त्यातले बावीस चुकीच्या ठिकाणी लावले किंवा लावलेच नाहीत.

मला आधी वाटलं काकूच चुकल्या. एकेक उघडून बघितलं, तेव्हा हात टेकले. आमच्याकडे कोणीही नवीन मेल करत नाही. कोणीही! ज्याला काही कळवायचं असतं तो आमचा एखादा जुना मेल उघडतो, त्यालाच उत्तर द्या म्हणतो, आणि वर आपलं लिहितो. विषय जुनाच राहतो. पंख्यांच्या मागणीवर विषय 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा'. बिस्किटांच्या ट्रकवर विषय दोन वर्षांपूर्वीच्या लॉटचा, जो कधीच संपला. अंबाडी गावचा एक ट्रान्सपोर्टवाला तर चार वर्षं एकाच मेलला उत्तर देत होता, आणि त्याचा विषय होता 'उद्या गोदाम बंद राहील'.

मी त्याला फोन लावला. "भाऊ, जरा नवीन मेल करत जा ना."

"नवीन कशाला, ताय? ह्यान तुमचा पत्ता हाय ना. नवीन केला नि पत्ता चुकला तं?"

"पण विषय वेगळा असतो!"

"विषय कोन बघतो? वाचनारा आतला वाचतो. आपला पान एकच हाय, त्याच्यावरच लिवतो मी सगला."

फोन ठेवला आणि मी भडकले. माणसं सुधारली तर प्रोग्रॅम सुधारायला लागणार नाही, असं वाटलं. पाठवण्याची सोय तर हाताशी होतीच. मी एक परिपत्रक लिहिलं, सगळ्या पार्ट्यांना आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना एका बटणावर धाडलं. प्रत्येक मागणीसाठी नवीन मेल करावा, जुन्या मेलला उत्तर देऊ नये, आणि विषयात लॉट नंबर लिहावा. कोणाला शंका राहू नये म्हणून परिपत्रकाच्या विषयातच नमुना दिला: 'लॉट नंबर ४४१७ असा लिहावा'. ४४१७ हा पंख्यांचा लॉट. डोळ्यासमोर होता म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना बघायचं होतं कसं चाललंय. मी मोठ्या दिमाखात पेटी उघडली.

सगळ्यांच्या सगळ्या मेलचा विषय एकच होता. 'लॉट नंबर ४४१७ असा लिहावा'.

कारण माझं परिपत्रक हा आता प्रत्येकाच्या पेटीतला आमचा सर्वांत वरचा मेल होता. मागणी पाठवायची वेळ आली तेव्हा त्यांनी तोच उघडला आणि त्याला उत्तर दिलं. साबणवाल्याने, बिस्किटवाल्याने, सगळ्यांनी. आणि प्रोग्रॅमने आज्ञाधारकपणे विषयात लॉट नंबर शोधला, तो सापडला, आणि गोदामातली यच्चयावत मागणी त्या एका पंख्यांच्या लॉटला नेऊन चिकटवली.

"हे पंखे आहेत ना?" वहिनींनी हळूच विचारलं. "मग यात बिस्किटं कशी?"

मी पेटी बंद केली. त्या वळून केबिनमध्ये गेल्या. दुपारी त्या फोनवर मुंबईच्या त्या माणसाशी बोलताना ऐकू आल्या. येत्या आठवड्यात करार करू, म्हणत होत्या. अधिकारी यायला बारा दिवस उरले होते.

त्या दुपारी मी डबा उघडला नाही. नऊ वर्षांचं काम माझ्याच हाताने, माझ्याच परिपत्रकाने मातीत घातलं होतं. समोर काकू रोजच्यासारख्या कागद काढत होत्या आणि कोपऱ्यात लॉट नंबर लिहीत होत्या. एकाही कागदावर थांबत नव्हत्या. आणि तेव्हा पहिल्यांदा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या डोक्यात आलं की या बाईला हे कळतं कसं?

खुर्ची ओढत त्यांच्याजवळ नेली. "काकू, विषयात तर सगळ्यांच्या ४४१७ आहे. तुम्ही बरोबर नंबर कुठून लिहिताय?"

"विषय? मी विषय वाचतच नाही," काकू म्हणाल्या. "विषय आपल्याकडे कोणाचा खरा असतो?"

"मग?"

"आधी कोणी पाठवलंय ते बघायचं. मग त्याचा आज आपल्याकडे काय काय माल पडलाय ते आठवायचं. मागचं नाही, आजचं. मग तो काय मागतोय आणि किती. हे बघ, या बिस्किटवाल्याचे तीन लॉट आहेत. तो चारशे पेट्या मागतोय. एकात साठ उरल्यात, एकात क्रीमवाली आहेत, याने साधी मागितलीत. मग राहिला कुठला?"

"आणि दोन बसत असतील तर?"

काकूंनी टेबलाच्या कडेला बोट दाखवलं. तिथे पितळेचं एक वजन होतं आणि त्याखाली दोन कागद. "मग मी लिहीत नाही. वजनाखाली ठेवते आणि फोन करून विचारते. अंदाजाने एकदाही लिहिलेलं नाही."

ते वजन मी रोज बघत होते. मला वाटायचं कागद उडू नयेत म्हणून आहे.

मी वही काढली. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. खालचा जुना मजकूर त्या वाचत नाहीत. 'यांनी लिहिलं' अशी रेघ आली की तिथे थांबायचं. काही माणसं दोन ट्रकचं एकाच मेलमध्ये लिहितात, तेव्हा कागद दोन काढायचे. अंबाडीवाला पेट्यांना 'नग' म्हणतो. एक पार्टी मागणी हाताने लिहून तिचा फोटो पाठवते. असं सगळं. दोन दिवस मी त्यांच्या शेजारी बसले. आठ फुटांवर बसून नऊ वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी उठताना काकू म्हणाल्या, "हे सगळं त्याला शिकवलंस की मग मी काय करू?"

खरं तर मी त्याचा विचारच केला नव्हता, मला माझं सॉफ्टवेअर वाचवायचं होतं. घरी जाताना ते मनात टोचत राहिलं. आणि रिक्षात बसल्या बसल्या मला एकदम लख्ख दिसलं की प्रोग्रॅमला शिकवण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट काकूंचं लॉट ओळखणं नव्हतंच, खात्री नसेल तेव्हा त्यांचं न लिहिणं होतं.

विषयाची ओळ वाचणारा भाग मी पुसून टाकला. पूर्ण. मग नव्याने लिहिलं. मेल आला की जुना मजकूर कापायचा, पाठवणारा ओळखायचा, त्याचे आज शिल्लक असलेले लॉट समोर मांडायचे, मजकुरात लॉट नंबर असेल तर तोच धरायचा, नाहीतर माल आणि संख्या लावून बघायची. एकच लॉट बसला तर चिकटवायचा. दोन बसले, किंवा एकही नाही बसला, तर कुठेही लावायचा नाही. तो वेगळ्या यादीत जाणार, आणि त्या यादीला मी नाव दिलं 'वजनाखाली'. ती यादी उघडते काकूंच्या पडद्यावर. तिथे त्यांना मेल, समोर शक्य असलेले लॉट, आणि 'विचारा' असं एक बटण. ते दाबलं की पार्टीला मेल जातो: आपला निरोप मिळाला, या मालाचे एवढे लॉट आहेत, कुठला द्यायचा ते कळवावं.

काकूंना यादी दाखवली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "'कळवावं' नको. 'कळवावे' कर. बाहेर जाणार आहे ते." मी केलं.

पुन्हा ताडून बघायला बसलो. पहिल्या दिवशी चौतीस मेल. अठ्ठावीस जागेवर, सहा वजनाखाली. चुकीच्या ठिकाणी एकही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी एक चुकला, तो 'नग'वाल्याचा, आणि त्याचं मी तासाभरात नीट केलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण वहिनी केबिनमध्ये कराराचे कागद वाचत बसल्या होत्या, म्हणून गप्प राहिले.

अधिकारी सकाळी अकराला आले. मध्यम वयाचे, घामाघूम झालेले, फार न बोलणारे. दादा, वहिनी, मी, सगळे ऑफिसात. त्यांनी पाठवण्याचं बघितलं, मान हलवली. मग खिशातून फोन काढला. "मी आता इथूनच मागणी करतो. बघू काय होतं ते."

मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांनी पेटी उघडली, आमचा एक जुना मेल शोधला आणि त्याला उत्तर दिलं! एवढ्या मोठ्या कंपनीचा अधिकारी, आणि तोही तेच करतो. मला एरवी हसू आलं असतं.

पाच मिनिटं गेली. माझ्या पडद्यावर कुठल्याच लॉटला मेल लागला नाही.

"लागला नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. त्या खुश होतील असं मला वाटलं होतं, पण त्या खुश नव्हत्या, हे मी तेवढ्या घाईतही टिपलं.

"काय गो?" दादांनी विचारलं.

"वजनाखाली आलाय," पलीकडून काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, मोजका. "दोनशे पेट्या मागितल्यात. या मालाचे दोन लॉट आहेत, दोन्हींत दोनशेच्या वर आहेत. एक जानेवारीत तयार झालेला, एक जुलैत. कुठला ते लिहिलेलं नाही." आणि त्यांनी 'विचारा' दाबलं.

अधिकाऱ्यांचा फोन वाजला. त्यांनी मेल वाचला. मग पुन्हा वाचला. मग खुर्चीत बसले, इतका वेळ उभेच होते.

"दुसऱ्या एका गोदामात," ते म्हणाले, "अशीच मागणी केली होती. त्यांच्या सिस्टिमने विचारलं नाही. जो लॉट पहिला दिसला तो दिला. आम्ही जुना आधी जाईल असं धरून चाललो होतो. नवीन माल गेला, जुना तिथेच पडून राहिला, मुदत संपली आणि टाकून द्यावा लागला. लहान मुलांचं खाणं आहे हो. म्हणून मी मुद्दाम लॉट न लिहिता मेल पाठवला." त्यांनी उत्तरात लॉट लिहिला. मेल आला, जागेवर बसला, गेटपास तयार झाला. "हे विचारायचं कोणी ठरवलं?"

मी काकूंकडे बोट दाखवलं. काकूंनी त्याच क्षणी माझ्याकडे दाखवलं. दादा मोठ्याने हसले.

अधिकारी गेले. मी बसले. दादा वहिनींकडे वळले. "बोल, सूनबाई. तू आनलीस ना ती मानसं? आता तूच ठरव."

वहिनींनी कराराचे कागद आणले, पण सही करायला नाही. ते त्यांनी माझ्या कीबोर्डशेजारी ठेवले. "त्यांना कळवायला हवं," त्या म्हणाल्या. "आपल्याच सॉफ्टवेअरमधून कळवू या."

मी नवीन मेलची खिडकी उघडली. पत्ता घातला. विषय घातला. दादा मागे हात बांधून उभे राहिले आणि सांगू लागले, "लिव. तुमचा नको. आमच्याकडं हाय. आमच्याच पोरीनं केलाय." मी ते इंग्रजीत नीट करत टाइप करत होते. आपल्याकडे आवश्यक ती व्यवस्था उपलब्ध आहे, वगैरे. 'आमच्याच पोरीनं'पाशी अडखळले. स्वतःबद्दल काय लिहायचं? 'आमच्या स्टाफने' असं लिहिलं आणि पुढे जायला लागले.

वहिनींनी वाकून माझा हात बाजूला केला. 'स्टाफ' त्यांनी स्वतः खोडला. त्या जागी लिहिलं, 'आमच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने'. मग किंचित विचार करून त्याच्या आधी माझं पूर्ण नाव घातलं, आणि खाली स्वतःचं.

माझे डोळे भरून आले होते, पडदा नीट दिसत नव्हता. भांडायची सवय असलेल्या माणसाला अशा वेळी काय करावं ते कळत नाही. नऊ वर्षं पगारपत्रकात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते, आणि माझं नाव प्रोग्रॅममध्ये कुठेच नव्हतं. घालायची कधी हिंमत झाली नव्हती.

"बघतंस काय?" दादा म्हणाले. "धाड."

मी पाठवा दाबलं. माझ्या प्रोग्रॅममधून माझं नाव बाहेर गेलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.